खाष्ट नणंद, सोलापूरची

अभिनेत्री शशिकला सोलापूरच्या, हे सांगितलं की आमच्या सांगोल्यातल्या पन्नाशीपुढच्या बायका अजूनही एकच विचारतात, "कोण, ती खाष्ट नणंद?" या प्रश्नात त्यांच्या कारकिर्दीचं यश आहे आणि त्यांच्यावर झालेला थोडा अन्यायही. १९४५ सालच्या 'झीनत'पासून एकविसाव्या शतकातल्या दूरचित्रवाणी मालिकांपर्यंत त्या पडद्यावर वावरल्या. एवढ्या काळात त्यांनी बहीण केली, मैत्रीण केली, नायिका केली, आई केली, आजी केली. लोकांनी लक्षात ठेवली ती फक्त घर फोडणारी बाई.

शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं, मागांचं गाव. मार्शल लॉ येऊन गेल्याला दोनच वर्षं झाली होती. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली होती. सोलापूरबद्दल काहीही लिहायला घेतलं की हे चौघे माझ्यापुढे आधी येऊन उभे राहतात, त्याला माझा इलाज नाही. अशा गावात भावसार समाजातल्या एका व्यापारी घरात ही मुलगी जन्मली. सहा भावंडांतली एक. पाचव्या वर्षापासून ती जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर नाचत-गात होती. ते कौतुकाचे दिवस होते. मुलगी गुणी आहे, दिसायला चांगली आहे, चार लोकांत धीटपणे उभी राहते, एवढंच.

मग वडिलांचा धंदा बुडाला. कौतुकाची गोष्ट पोटाची झाली. कुटुंब मुंबईला गेलं, ओळखीच्यांच्या आसऱ्याने राहिलं, आणि घरात जिला नाच-गाणं येत होतं ती बारा-तेरा वर्षांची मुलगी स्टुडिओंचे दरवाजे ठोठावू लागली. सिनेमात मोठी झालेली माणसं आपल्या सुरुवातीबद्दल बोलताना 'आवड' हा शब्द फार वापरतात. इथे आवडीआधी भाकरी आली, हे विसरायला नको.

या वणवणीत तिला नूरजहाँ भेटल्या. नूरजहाँ म्हणजे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या गायिका-नायिका, पण वयाने विशीच्या आसपासच. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी 'झीनत' काढत होते. त्यातल्या कव्वालीत बसणाऱ्या मुलींमध्ये या सोलापूरच्या पोरीला जागा मिळाली. बायकांनी मांडी घालून, टाळ्या देत कव्वाली म्हणायची ही गोष्ट हिंदी पडद्यावर तेव्हा नवलाची होती. त्याच कव्वालीत पुढे नाव कमावलेल्या श्यामाही होत्या. दोन वर्षांनी रिझवींच्याच 'जुगनू'त शशिकलाला छोटं काम मिळालं. दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांचा तो गाजलेला चित्रपट.

इथे मला थोडं माझं बोलू द्या. मी घरात दखनी बोलणारी आणि मराठीत कविता लिहिणारी बाई. कविसंमेलनाला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही इतकं छान मराठी कसं काय बोलता?" मी हसून विषय बदलते. शशिकलाबाईंचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा. मराठी घरातून निघालेली मुलगी उर्दूच्या घरात शिरली आणि त्या भाषेतली मिठास, तिचा नखरा, तिच्यातला टोमणा असं सगळं उचलून आली. पुढे त्यांचे संवाद ऐकताना ही सोलापूरची आहे, हे कुणाच्या कानाला जाणवलं नाही. "इतकं छान उर्दू कसं काय?" असं त्यांना कुणी विचारत बसलं असेल, असं मला वाटत नाही. आपल्या सिनेमाने भाषेच्या बाबतीत ही एक मोकळीक दिली, तिची आठवण ठेवायला हवी.

१९४७ मध्ये फाळणी झाली. नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले. ज्यांनी हात धरून आत आणलं, तेच निघून गेले. फाळणीवर आपण रक्ताच्या आणि रेल्वेच्या गोष्टी वाचतो, आणि त्या वाचल्याच पाहिजेत. पण एका पंधरा वर्षांच्या मराठी मुलीचा आधार लाहोरच्या दिशेने जातो आणि तिला मुंबईत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हीसुद्धा फाळणीचीच एक गोष्ट. ती कुठे लिहिलेली सापडत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं धरसोडीची गेली. व्ही. शांताराम यांचा 'तीन बत्ती चार रास्ता' १९५३ चा. वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुना एका घरात नांदतात, अशी त्याची गंमत. त्यात त्या होत्या. कुंदनलाल सैगल यांच्या नात्यातल्या ओमप्रकाश सैगल यांच्याशी त्यांचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. किशोरकुमारबरोबरचा 'करोडपती' १९६१ मध्ये आला आणि पडला. नायिका म्हणून जम बसायचा तो बसलाच नाही.

मधल्या काळात, १९५९ ला, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. मूळ कथा बंगाली, सुबोध घोष यांची. दिग्दर्शक बंगाली. पण पडद्यावरच्या बायका पाहा : नूतन, शशिकला, सुलोचनाबाई आणि ललिता पवार. चौघीही मराठी! एका अस्पृश्य मुलीला वाढवणाऱ्या ब्राह्मण घराची ती गोष्ट. नूतन ती मुलगी, आणि शशिकला त्या घराची सख्खी लेक, रमा. हट्टी, खिदळणारी, लाडावलेली, पण सुजातावर जीव असलेली. आई जिथे अडखळते तिथे ही पोर अडखळत नाही. मला विचाराल तर शशिकलाबाईंचं सर्वांत निर्मळ काम हेच. पण निर्मळ कामाला आपल्याकडे टाळ्या कमी.

टाळ्या पडल्या त्या १९६२ च्या 'आरती'ला. राजश्रीचा पहिला चित्रपट, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी नायिका आणि शशिकला तिची जाऊ जसवंती. (आपल्या कोल्हापूरच्या रमेश देवांचा हिंदीतला पहिला चित्रपटही हाच.) त्या जावेसाठी शशिकलाबाईंना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. लगोलग दुसऱ्या वर्षी 'गुमराह'साठी तेच पारितोषिक पुन्हा. एकदा शिक्का बसला की बसला.

'गुमराह' (१९६३) मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. बी. आर. चोप्रा यांचा चित्रपट. माला सिन्हाचं प्रेम सुनील दत्तवर असतं. बहीण वारल्यावर तिच्या मुलांसाठी ती मेहुण्याशी, म्हणजे अशोककुमारशी, लग्न करते. जुनं प्रेम पुन्हा भेटतं. मग लीला येते. ती सगळं जाणते, धमक्या देते, दागिने मागते, घरात येऊन सोफ्यावर ऐसपैस बसते. शशिकलाबाईंनी ही बाई अशी रंगवली आहे की ती दारात उभी राहिली की आपल्याच घरात कुणी शिरल्यासारखं वाटतं. आणि शेवटी काय कळतं? ही लीला नवऱ्याचीच सेक्रेटरी. बायकोला वळणावर आणण्यासाठी त्यानेच ते नाटक रचलेलं. म्हणजे गलिच्छ काम पगारी बाईने करायचं आणि थोरपणा नवऱ्याच्या पदरात पडायचा. आपल्या सिनेमातल्या खलनायिकेचं काम नेमकं काय असतं, ते मला या एका चित्रपटात उघडं पडलेलं दिसतं. घर सावरायला कुणीतरी वाईट लागतं. ती नोकरी शशिकलाबाईंनी वीस वर्षं इमानाने केली.

रेडिओवर बोलताना चेहरा दाखवता येत नाही, नाहीतर मी त्यांची ती भिवई दाखवली असती. त्या ओरडत नसत. आवाज खाली आणायच्या, शब्द गोड करायच्या, मान किंचित तिरकी, आणि एक भिवई वर. विष दिसायचं नाही, वास मात्र यायचा. 'फूल और पत्थर'मध्ये त्यांनी क्लबातली बाईही केली, पण क्लब हा खरा हेलनचा मुलूख. शशिकलाबाईंचा मुलूख म्हणजे स्वयंपाकघर, माजघर, जिना. तिथली बाई प्रेक्षकांच्या ओळखीची होती.

किती ओळखीची, ते मी तंबूत पाहिलं. सत्तरच्या दशकात सांगोल्यात तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, खाली माती आणि घरून आणलेलं पोतं. तिथे एकदा 'नीलकमल' लागला. वहिदा रेहमान सून, ललिता पवार सासू, शशिकला नणंद, मेहमूद घरजावई. शशिकला पडद्यावर आली की पुरुषांकडून शिट्ट्या आणि आमच्या बाजूने शिव्या. सटवी, अवदसा, मेलीचा मुडदा बसवला, अशी माळच. आमच्या नानी दखनीतून भर घालायच्या. मशीन एकच असल्याने रीळ बदलायला काही मिनिटं लागायची, दिवा लागायचा. तेवढ्यात बायका आपापल्या नणंदांची, जावांची प्रकरणं काढायच्या. एरवी उंबऱ्याबाहेर न जाणारी गोष्ट तिथे अनोळखी बाईला सांगितली जायची. घरच्या नणंदेला तोंडावर बोलायची सोय नव्हती. तंबूतल्या नणंदेला बोलता यायचं. किती सुनांचा राग या एका बाईने अंगावर घेतला असेल, कोण मोजणार!

याच सुमारास 'अनुपमा' (१९६६) मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना हसरी, बडबडी मैत्रीण ॲनी दिली, आणि पुढे १९८० ला 'खूबसूरत'मध्ये मोठी सून. दोन्ही कामं प्रसन्न. एका दिग्दर्शकाला त्यांच्यातलं खेळकर माणूस दिसलं, बाकीच्यांना दिसलं नाही असं नाही. पण बाजारात जो माल खपतो तोच मागितला जातो. 'सरगम'मध्ये सावत्र आई, 'सौतन'मध्येही तीच जातकुळी.

मग त्या बाजूला झाल्या आणि मदर तेरेसांच्या संस्थेत जाऊन काही वर्षं त्यांनी रुग्णांची, अनाथांची सेवा केली. यावर आपल्याकडे 'पडद्यावरचं पाप धुतलं' अशा थाटाचं बोललं जातं. मला ते पटत नाही. पडद्यावर त्यांनी पाप केलं नव्हतं, काम केलं होतं. सेवा हेही कामच. त्याच हातांनी केलेलं.

परतल्यावर त्यांना आजी मिळाली. तंबूतून आता त्या थेट घरात आल्या होत्या. 'जीना इसी का नाम है', 'दिल देके देखो' या मालिका त्यांच्या. लहान मुलांना ठाऊक झाल्या त्या 'सोन परी'तली फ्रुटीची आजी म्हणून. आमच्या घरातली पोरं त्या आजीवर खूश. अम्मीला मात्र शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मालिकेत ती आजी नातीच्या जवळ गेली की अम्मी पोरांना बजावायची, "इस बाई पो भरोसा नको करो." पोरांना काही कळायचं नाही, मला हसू यायचं. पन्नाशी-साठीच्या प्रेक्षकाच्या मनात केलेली जागा अशी वीस-तीस भागांनी पुसली जात नाही.

२००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्या गेल्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. करोनाची दुसरी लाट आली होती, रोजच वाईट बातम्या होत्या, त्यात ही बातमीही वाहून गेली.

त्या आठवड्यात शेजारच्या मावशींना मी मोबाइलवर 'सुजाता' दाखवला. वयाने सत्तरीच्या, तंबूत माझ्याच बाजूला बसून शिव्या घालणाऱ्यांतल्या. रमा दिसली तशा त्या सावरून बसल्या. "आता बघ हं," म्हणाल्या. रमा सुजाताला मिठी मारत होती, तिच्यासाठी भांडत होती, तरी मावशींची नजर ढळेना. चित्रपट संपला. मावशी काही वेळ गप्प. मग म्हणाल्या, "काहीच केलं नाही की गं हिनं!"