४५ फेऱ्यांची कोंकणी

गोव्यातल्या आपल्या मराठी घरांत केसरबाई, दीनानाथ यांच्या तबकड्या जपल्या गेल्या. लॉर्नाच्या नाही. आवरणावर रोमी लिपी, आत ट्रम्पेट नि सॅक्सोफोन. ‘हे आपलं नव्हे’ म्हटलं की विषय संपला. १९६७ च्या जनमत कौलाची कटुता ताजी होती, हेही खरंच.

क्रिस पेरी मूळचा मडगावचा, मुंबईत बँड चालवायचा. लॉर्ना कोर्देरो तर मुंबईतच वाढलेली. म्हणजे गोव्याचा हा आवाज घडला मुंबईत! ‘बेबदो’ एचएमव्हीनं १९७१ साली काढलं. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे. अशा तबकडीच्या एका बाजूवर साधारण एक गाणं मावतं, ईपीत खाचा दाट कोरून दोन बसवत. म्हणून जुन्या बाजारात घेताना ती उजेडात तिरकी धरून बघावी. धूळ धुता येते, बोथट सुईनं खरवडलेली खाच नाही.

पुढे दोघांचं बिनसलं, लॉर्ना कित्येक वर्षं गायलीच नाही. १९९५ ला परतली. मधल्या काळात तिचं गाणं राहिलं ते तबकड्यांत आणि कॅसेटींत.

घर विकताना आता हा माल भंगारवाला वजनावर नेतो. आवरणामागे पेनानं लिहिलेलं मालकाचं नाव-गाव मी आधी टिपून घेतो. गोव्यातलं गाव क्वचित. धोबीतलावची कूड, नाहीतर बहारीन.