पंचाहत्तर रुपयांची मोकळीक

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शाळाखात्यातली शिक्षकाची नोकरी सोडली, तेव्हा ते २९ वर्षांचे होते. मराठी वाचकाच्या मनात राजीनाम्याचे जे चित्र पक्के बसले आहे ते इथलेच: बी. ए. झालेला बुद्धिमान तरुण, सरकारी पगार, रत्नागिरीला झालेली बदली, आणि एके दिवशी हे सगळे झुगारून पुण्यात काढलेली स्वतःची शाळा. चित्र खरे आहे, पण त्यात राजीनाम्याच्या आधीची सहा वर्षे दिसत नाहीत. ‘निबंधमाला’ १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली. विष्णुशास्त्री तेव्हा नोकरीत होते आणि पुढे बराच काळ राहिले. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात एकहाती चालवलेले मासिक, असा हा क्रम होता. ‘काव्येतिहाससंग्रह’ आणि चित्रशाळा यांची उभारणी १८७८ मधली, म्हणजे तीही राजीनाम्याच्या आधीची. त्यामुळे नोकरी सुटली त्या दिवशी त्यांच्याजवळ ओळखीचा वाचकवर्ग होता, छपाईच्या धंद्याची माहिती होती आणि पुण्यात शब्दाला वजन होते. याने त्यांच्या धैर्याला काही उणेपणा येतो असे मला वाटत नाही. मात्र नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्या कुणाही तरुणाला त्यांचे उदाहरण द्यायचे, तर ते या सहा वर्षांसकट दिले पाहिजे. शेवटच्या दिवसाचे तेवढे सांगणे म्हणजे त्या तरुणाला अर्धवट माहितीवर घराबाहेर काढणे आहे.

बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक आणि आगरकर विष्णुशास्त्रींना येऊन मिळाले होते. दोघांनी सरकारी नोकरी सोडली नव्हती, ती धरलीच नव्हती. पदवीधर हाताच्या बोटांवर मोजावेत अशा त्या काळात या दोहोंत फारसे अंतर नाही. पाठोपाठ वामन शिवराम आपटे आले, माधवराव नामजोशी आले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आणि १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले. नोकरी सोडल्याला अडीच वर्षेसुद्धा झाली नव्हती. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाच्या प्रकरणावर ‘केसरी’-‘मराठा’त लिहिल्यावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. मुख्य माणूस गेलेला, दोघे तुरुंगात, आणि शाळा मात्र चालूच. माझ्या मते पुण्याच्या या इतिहासाचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. एका असामान्य माणसाने नोकरी सोडली हे समजण्यासारखे आहे. पण त्याच्यामागून दुसरा, तिसरा, दहावा तरुण सरकारी पगाराकडे पाठ फिरवून त्याच कामाला येत राहिला, वीस वीस वर्षे टिकला, हे कशाच्या बळावर? निव्वळ स्फूर्तीच्या बळावर, असे उत्तर दिले जाते. स्फूर्ती होतीच. पण महिन्याच्या एक तारखेला वाण्याचे बिल स्फूर्तीने भागत नाही, आणि हे त्या मंडळींना चांगले ठाऊक होते.

त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे आजीव सदस्यत्व. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. आजीव सदस्याने साधारण २० वर्षे संस्थेला द्यायची, संस्थेने त्याला महिना ७५ रुपये द्यायचे, त्याच्या आयुष्याचा ३००० रुपयांचा विमा उतरायचा आणि मुदत भरल्यावर लहानशी पेन्शन द्यायची, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. पदवीधराला सरकारात याहून जास्त मिळे आणि बढतीबरोबर ते वाढत जाई. इथे वाढीची आशा नव्हती, पण बुडण्याची भीतीही नव्हती. मला या योजनेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती विम्याची. उमेदीतल्या माणसाला नोकरी सोडताना स्वतःच्या पोटापेक्षा आपल्या मागे राहणाऱ्यांची चिंता जास्त असते. घरात विधवा आई, लहान वयात लग्न होऊन आलेली बायको, पाठचे भाऊ. पटकी, क्षय यांच्या त्या काळात तिशीत मरण येणे नवलाचे नव्हते. संस्थेच्या पहिल्या म्होरक्यालाच ते बत्तिशीच्या आत आले होते. त्या भीतीची तजवीज नियमातच झाल्यावर वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ‘हो’ म्हणणे शक्य झाले. शिवाय वय कोवळे असणे इथे नुसत्या उत्साहाच्या दृष्टीने उपयोगी नव्हते. गरजा वाढायच्या आत कमी पगाराशी जमवून घेता येत होते, आणि २० वर्षे देऊनही माणूस चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच मोकळा होत होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण या हिशेबाला तंतोतंत लागू पडते. वडील लवकर वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदरावांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. महिना ८ रुपयांत राहणारा हा मुलगा १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाला. घरच्यांनी त्याच्याकडून मोठ्या हुद्द्याची अपेक्षा धरावी यात गैर काहीच नव्हते. ऋण त्यांचेच होते. तो न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाला आणि विशीत आजीव सदस्य. आता पहा: ठरलेले ७५ रुपये नसते, तर गोविंदरावांपुढे उभे राहून हा निर्णय सांगायला त्याला तोंड राहिले असते का? स्वप्नामागे जाणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या पाठीशी बहुधा असा एक गोविंदराव असतो. ज्याने स्वतःचे स्वप्न आधीच मोडून टाकले त्याच्या नावाने आपल्याकडे चरित्रे लिहिली जात नाहीत, याची मला फार खंत वाटते. गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा वय होते ३६. कलकत्त्याच्या कायदेमंडळात गाजलेले त्यांचे बहुतेक कार्य त्यानंतरचे.

यावर कुणी म्हणेल, की हा सगळा जमाखर्च मांडून त्यागाचे मोल कमी केले जाते आहे. आगरकरांसारख्या माणसाला तुम्ही ७५ रुपयांनी मोजणार काय? विद्यार्थी असतानाच त्यांनी आईला कळवले होते, की मोठ्या पगाराच्या आशेवर राहू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे. ते पत्र महाराष्ट्रातल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. दम्याने पोखरलेल्या शरीराने त्यांनी प्राध्यापकी केली, ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, सनातन्यांनी जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा सोसली आणि १७ जून १८९५ रोजी, ३९ वे वर्ष पुरे व्हायच्या आत ते गेले. हा त्याग मोजता येणार नाही, मान्य. पण त्या पत्रातली मागणीच मुळी ‘पोटापुरते’ अशी आहे. ते पोटापुरते कुणीतरी, दरमहा, न चुकता द्यायला हवे होते, आणि संस्थेने ते दिले. घरावर लोक चालून येतात असे लेख लिहिणाऱ्याचा पगार वर्गणीदारांच्या मर्जीवर राहिला असता, तर ‘सुधारक’ तितक्या निर्भीडपणे निघाला असता असे मला तरी वाटत नाही. त्याग मोठा होता म्हणूनच त्याला टेकू लागत होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द टिळकांच्या वागण्यातून उभा राहतो. सुरक्षित नोकरी सोडून माणूस दुसऱ्या सुरक्षित चाकोरीत गेला, तर त्याने सोडले काय? संस्थेत पैशांवरून कुरबुरी सुरू झाल्याच. पगार वाढवून घ्यावा की नाही, सदस्याने बाहेरची कामे करून कमाई करावी की नाही, संस्थेला दिलेला वेळ म्हणजे नक्की किती, यांवर वर्षानुवर्षे खल चालला. टिळकांचे म्हणणे कडक होते: सदस्याने आपले सगळे लक्ष संस्थेतच ठेवावे. आगरकर-गोखले यांना बाहेरच्या सार्वजनिक कामाची मोकळीक हवी होती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद पेटला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी दीर्घ पत्र लिहून राजीनामा दिला. स्वतः उभारलेल्या घरातून ते ३४ व्या वर्षी बाहेर पडले. म्हणजे पंचाहत्तर रुपयांचीही बेडी होऊ शकते, हे त्या घरात दहा वर्षांतच दिसून आले. आक्षेपाचा हा भाग मी खोडून काढणार नाही. मात्र टिळकांनी पुढे काय केले तेही पाहिले पाहिजे. त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागी केली आणि ‘केसरी’-‘मराठा’ आपल्याकडे घेतले. पूर्णवेळ राजकारणात उतरणाऱ्या या माणसानेही पहिली गोष्ट केली ती लहानशा पण हुकमी मिळकतीची. चाकोरी मोडली, तरी तिच्यामागचा हिशेब त्यांनी टाकून दिला नाही.

टिळकांच्या जाण्याने गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. ते तेव्हा ३३ वर्षांचे होते. त्यांचे खरे ध्येय गणित नव्हते हे पुढे सगळ्यांनाच कळले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. तिथली पहिली झोपडी सुमारे ५०० रुपयांत उभी राहिली. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी शहरातून चालत हिंगण्याला जायचे, आश्रमातल्या मुलींना शिकवायचे. चिखलातून, काळोखातून, कधी डोक्यावर सामान घेऊन. सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव फिरायचे. जातीने वाळीत टाकलेल्या, पुण्यातल्या सोवळ्या घरांनी तोंड फिरवलेल्या माणसाचा चरितार्थ या सगळ्या काळात कुणाच्या हातात नव्हता. त्यांच्यावर बहिष्कार घालणाऱ्यांना त्यांचा पगार थांबवता आला नाही. १९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. करियरसाठी नोकरी सोडावी की धरावी, असा प्रश्न आज विचारला जातो. कर्व्यांनी नोकरी बदलली ती ध्येयाला सोबत घेऊन चालता यावे अशी, आणि मग ती तेवीस वर्षे सोडली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. ही सगळी कथा पदवीधर ब्राह्मण पुरुषांची आहे. सोडायला सरकारी नोकरी असणे हीच त्या काळात मूठभरांची चैन होती. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य घरातला मुलगा काय सोडणार होता? आणि बायकांना तर विचारायलाच नको. भाऊराव पाटलांचे चरित्र या आक्षेपाच्या उजेडात वाचायला हवे. ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले. तो पगार होता, पण त्याच फिरतीत बहुजनांच्या मुलांची दैना त्यांनी गावोगाव पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, ३२ व्या वर्षी, त्यांनी कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्यांच्यामागे विमा नव्हता, संस्थानिकांच्या देणग्यांनी उभा राहिलेला निधी नव्हता. वसतिगृहातली चूल पेटती ठेवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. जैन घरात वाढलेल्या त्या बाईने सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घातले. पुण्यात नियमांच्या वहीत लिहिलेली तजवीज साताऱ्यात एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यातून झाली. मुलांनी स्वतः कष्ट करून शिकायचे ही रयतेची रीतही त्याच टंचाईतून आली. आणि संस्था पसरली, शाळांची संख्या वाढली, तेव्हा भाऊरावांनीही आपल्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांसाठी आजीव सेवकांची पद्धत घातली: बेताचा पगार, आयुष्यभराचे काम आणि मागे संस्था.