दुखण्याचा दरवाजा

झाशीत पत्ता सांगायचा तर दरवाजा सांगावा लागतो. खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, सैंयर, सागर, लक्ष्मी... शहराच्या तटाला असे दहा दरवाजे, आणि त्यांतल्या कित्येकांच्या नावाने आजही आसपासच्या वस्त्या ओळखल्या जातात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेरच थांबवायचे, हे जिथे ठरते ती जागा म्हणजे दरवाजा. वेदनेच्या शास्त्रात हा शब्द 1965 साली आला. त्याआधी तिथे एक दोर होता आणि एक घंटा.

घंटेचाही धागा झाशीशी जुळतो. 1742 पासून पेशव्यांच्या वतीने झाशीचा कारभार पाहणारे आणि तिथला किल्ला वाढवणारे सुभेदार नारोशंकर यांनीच नाशिकच्या पंचवटीतले रामेश्वराचे देऊळ बांधले. वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून मिळालेली प्रचंड घंटा त्या देवळावर चढली आणि ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून प्रसिद्ध झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने वेदनेचे जे वर्णन केले, त्यात अशीच एक घंटा आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1664 मध्ये फ्रेंचमध्ये छापलेल्या पुस्तकात एक माणूस पाय विस्तवाजवळ धरून बसला आहे. विस्तव पायातला धागा ओढतो आणि दोर ओढल्यावर घंटा वाजावी तसा मेंदू खणखणतो. जेवढी ओढ, तेवढा नाद. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू म्हणजे केवळ दोर जाण्याची वाट.

या हिशेबात घराघरांतली एक रीत मात्र बसत नव्हती. रांगते पोर उंबऱ्यावर आपटते, भोकाड पसरते. आजी आधी त्याचे कपाळ चोळते, मग उंबऱ्याला एक चापट देते. उंबऱ्याची शिक्षा पोराच्या समाधानासाठी. पण चोळल्याने कळ खरोखरच कमी होते. दोर ओढलेलाच असताना घंटेचा आवाज कसा उतरला?

रणांगणावर तर कोडे आणखी मोठे होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारले, दुखणे कमी करणारे औषध हवे का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटले. 1946 मध्ये हे छापून आले. जखम तीच असली तरी वेदना तेवढीच होईल, याची खात्री उरली नाही.

उत्तराची जागा शवविच्छेदन करणाऱ्यांना केव्हाच दिसली होती. मज्जारज्जू आडवा कापला की मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. त्याच्या मागच्या टोकांशी एक चिकट, पारदर्शक पट्टा असतो. इटलीच्या लुइजी रोलांडोने 1824 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे नाव आजही त्या पट्ट्याला चिकटून आहे. हा पट्टा करतो काय, याचे उत्तर मात्र पुढे शतकभर मिळाले नाही.

1959 मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक बोस्टनजवळच्या एमआयटीत आले. तिथे त्यांची गाठ मज्जारज्जूतल्या पेशींचे विद्युत-संदेश मोजणाऱ्या पॅट्रिक वॉल या इंग्रज संशोधकाशी पडली. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या विलेम नॉर्डेनबोस यांनी लिहिले होते की जाड मज्जातंतूंचे संदेश बारीक तंतूंच्या संदेशांना अडवतात. मेलझॅक आणि वॉल यांनी हे धागे एकत्र विणले आणि नोव्हेंबर 1965 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपला सिद्धांत मांडला. त्याचे नाव ‘गेट कंट्रोल’.

पायाच्या बोटाला ठेच लागली की त्यातली गंमत कळते. आधी सणक येते, मग जरा वेळाने ठणका सुरू होतो. ठणक्याचा निरोप आणणारे तंतू बारीक आणि उघडे असतात. सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर एवढीच त्यांची चाल. स्पर्शाचे तंतू जाड, चरबीच्या वेष्टनातले. ते सेकंदाला तीसहून अधिक मीटर धावतात. दोघेही मज्जारज्जूच्या त्या मागच्या टोकाशी पोचतात. तिथल्या छोट्या पेशी दरवान असतात. बोट चोळले की जाड तंतूंचे निरोप त्या दरवानांना जागे करतात आणि ते वर जाणाऱ्या वेदनेची वाट अडवतात. बारीक तंतूंचा मारा वाढला तर दरवान ढिले पडतात. शिवाय मेंदूही वरून हुकूम पाठवतो. बीचरच्या सैनिकांचे कोडे इथे सुटू लागले.

सिद्धांत कागदावर फार दिवस राहिला नाही. 1967 मध्ये वॉल आणि शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी विजेचे सौम्य झटके आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूंना दिले, मग रुग्णांना. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी थेट मज्जारज्जूवर विद्युत-अग्र बसवले. फिजिओथेरपीच्या खोलीत कंबरेला चिकट पट्ट्या लावून, मुंग्या येईपर्यंत बटण फिरवले जाते, ते ‘टेन्स’ यंत्र याच घराण्यातले. रुग्णाच्या तोंडी त्याचे नाव एकच: करंट.

वरून येणाऱ्या हुकमाचा पत्ताही लागला. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूच्या एका भागाला वीज देऊन, भूल न देता शस्त्रक्रिया केली. 1973 मध्ये अफूच्या औषधांचे ग्राही (रिसेप्टर) शरीरात सापडले. 1975 मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेले तसे रसायन, एन्केफॅलिन. 1976 मध्ये टोनी याक्श आणि थॉमस रुडी यांनी उंदराच्या मज्जारज्जूभोवती थेट मॉर्फिन सोडून वेदना थांबवली. तीन वर्षांत हा उपाय माणसांवरही होऊ लागला आणि कर्करोगाच्या असह्य दुखण्यावर कण्यातल्या इंजेक्शनची वाट मोकळी झाली.

दरवाजा नेहमी बाहेरच्या धडकेनेच उघडतो असे नाही. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली. तेव्हा ओरछा दरवाजा आतूनच कोणी उघडला, अशी लोककथा झाशीत सांगतात. तिची सत्यता इतिहासकारांवर सोडू. मज्जारज्जूत मात्र असे घडते, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये दाखवले. सतत मारा झाला की आतल्याच पेशी इतक्या हळव्या होतात की जखम भरल्यावरही साध्या स्पर्शाने आग होते.

‘गेट कंट्रोल’ सिद्धांताच्या मूळ आकृतीतले काही बाण पुढे चुकीचे ठरले. वॉल यांनी स्वतःच 1978 मध्ये तिची फेरतपासणी केली. दरवान एक नसून अनेक जातींचे आहेत, त्यांची साखळी फार गुंतागुंतीची आहे, हे आता माहीत आहे. तरी झाशीत 1968 साली सुरू झालेल्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजपासून मुंबईच्या केईएमपर्यंत, वेदनेचा धडा आला की विद्यार्थ्यांना ‘गेट’ शिकावेच लागते. इमारत बदलली, पण पत्ता तोच सांगितला जातो. ओरछा गेटकडे निघालेल्या रिक्षावाल्याला तो पुरतो.