माळवद, स्लॅब आणि एसी
मंडळी, आमच्या लातूर-नांदेडकडं एसी का आला, हे समजायचं तर आधी माळवद बघावं लागतं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी छतावर मातीचा थर. वैशाखातही आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत याच घरांखाली झोपलेली माणसं गाडली गेली. मग आम्हाला स्लॅब बरा वाटू लागला. पण तो मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो! म्हणून कूलर. २०१६ साली लातूरला पाणीच मिरजेहून रेल्वेनं आलं. कूलरमध्ये काय ओतणार? एसीला पाणी लागत नाही. बाहेरचं युनिट मात्र मोकळ्या हवेत, सावलीत बसवावं, जाळीवरची धूळ वरचेवर धुवावी. नळीतून ठिबकणारं पाणी आम्ही बादलीत धरतो, फरशी पुसायला.