हॉलिवूडच्या चित्रचौकटी आणि मुंबईचे हात

अॅनिमेशनचा, म्हणजे स्थिर चित्रांना क्रमाने दाखवून हालचालीचा भास निर्माण करण्याचा, व्यवसाय अमेरिकेतून आशियाकडे का सरकला याचे उत्तर केवळ स्वस्त मजुरीत शोधणे अपुरे ठरते. कारण कोणतेही काम दूरदेशी पाठवण्यापूर्वी ते तुकड्यांत विभागता यावे लागते, आणि ही विभागणी कॅलिफोर्नियातील स्टुडिओंमध्ये स्थलांतराच्या कितीतरी आधीच पूर्ण झाली होती. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकत असल्याने एका लघुपटासाठीही हजारो रेखाटने लागत. मुख्य चित्रकार हालचालीतील निर्णायक क्षण रेखाटत असे, मधल्या अवस्था इन-बिटवीनर म्हणवला जाणारा दुय्यम चित्रकार भरून काढत असे, आणि पुढे ती रेखाटने सेल नावाच्या पारदर्शक तावांवर शाईने उतरवून मागच्या बाजूने रंगवली जात. या साऱ्यांना जोडणारा दुवा म्हणजे एक्स्पोजर शीट, अर्थात कोणते चित्र किती चौकटी टिकवायचे आणि कोणत्या उच्चाराला ओठांचा कोणता आकार द्यायचा हे ओळीओळीने नोंदवणारा तक्ता. या तक्त्यामुळे दिग्दर्शकाची सूचना कागदावर आली, आणि कागदावर आलेली सूचना टपालानेही पाठवता येत होती.

दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकांनी ही शक्यता प्रत्यक्षात आणली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ या मालिकेचे चित्रांकन मेक्सिकोत झाले. १९६४ च्या ‘रूडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर’ साठी बाहुल्या हलवण्याचे काम जपानमध्ये झाले. १९७८ मध्ये हॅना-बार्बेरा या अमेरिकी स्टुडिओच्या पाठबळाने जेम्स वाँग यांनी तैवानमध्ये स्टुडिओ उभारला, आणि १९८९ पासून ‘द सिम्पसन्स’ चे बरेचसे चित्रांकन सोलमध्ये होऊ लागले. कथा, पात्रांची घडण आणि आवाज लॉस एंजेलिसमध्ये राहत. तेथून निघालेली पुडकी महिन्यांनी चित्रित फीत होऊन परतत. तेथील चित्रकारांची संघटना या प्रकाराला ‘रनअवे प्रॉडक्शन’, म्हणजे पळून गेलेली निर्मिती, असे म्हणत असे. १९७९ च्या संपात तिने या स्थलांतराला आळा घालणारे कलम मिळवले, परंतु १९८२ चा सुमारे १० आठवड्यांचा संप फसला आणि ते कलमही हातचे गेले. त्यानंतरची स्थलांतराची गती पाहता हा पराभव निर्णायक मानावा लागतो.

मुंबईचा या इतिहासातील प्रवेश उशिराचा असला, तरी तिची कला उशिराची नव्हती, हे विशेष आग्रहाने नोंदवले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या एकेक चौकटीने हलवून चित्रित केल्या होत्या. १९५६ मध्ये केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत व्यंगचित्रपट विभाग सुरू केला, तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले, आणि जी. के. गोखले व राम मोहन यांच्यासारख्या कलावंतांच्या या विभागातून १९५७ मध्ये जातककथेवरील ‘द बॅनियन डियर’ तयार झाला. कथेपासून शेवटच्या रंगापर्यंतची सगळी साखळी तेथे एकाच छताखाली होती. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट त्याच परंपरेचे फळ असून दूरदर्शनवर तो पाहिलेली एक संपूर्ण पिढी अजून हयात आहे. म्हणूनच १९९० नंतर परदेशी मालिकांची आणि पुढे चित्रपटांची कामे येऊ लागली, तेव्हा येथे नवी कला आली असे म्हणता येत नाही. उलट, संपूर्ण कला अवगत असलेल्या शहराच्या वाट्याला तिचे सुटे तुकडे आले.

संगणकीय दृश्यपरिणामांनी, ज्यांना व्यवसायात व्हीएफएक्स म्हणतात, हे तुकडे अधिकच बारीक केले. चित्रित दृश्यातील पात्राची बाह्यरेषा प्रत्येक चौकटीत आखून त्याला पार्श्वभूमीपासून सुटे करणे म्हणजे रोटो. नटाला उचलून धरणाऱ्या तारा पुसणे म्हणजे पेंट. कॅमेरा कसा फिरला हे संगणकात पुन्हा मांडणे म्हणजे मॅचमूव्ह. १० सेकंदांच्या दृश्यात २४० चौकटी असतात, आणि नटीचे केस वाऱ्यावर उडत असतील तर रोटो करणाऱ्याचे कित्येक दिवस त्यातच जातात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या प्राइम फोकसने २०१० च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ चे त्रिमितीत रूपांतर केले, त्याचाही पाया चौकटीगणिक आखलेल्या याच रेषा होत्या. प्राइम फोकस २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या दृश्यपरिणाम स्टुडिओशी एकत्र आली. दरम्यान कॅनडा आणि ब्रिटन यांनी करसवलती देऊन देखरेखीची, अधिक पगाराची कामे आपल्याकडे ओढली.

या व्यवस्थेचा दोष अंतरात नसून करारात आहे. दृश्यपरिणामांचा स्टुडिओ चित्रपटासाठी ठरावीक रक्कम बोली म्हणून लावतो, दिग्दर्शकाने नंतर सुचवलेल्या बदलांचा बोजा बहुधा त्यालाच सोसावा लागतो, आणि तो भरून काढण्यासाठी काम आणखी स्वस्त ठिकाणी पाठवले जाते. मुंबई आणि हैदराबाद येथे शाखा असलेल्या लॉस एंजेलिसच्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’ मधील त्याच्या वाघाला ऑस्कर मिळाले, तेव्हा सभागृहाबाहेर शेकडो कलावंत निदर्शने करत होते. निदर्शकांचा रोष परदेशी सवलतींवर होता. परंतु मालाड किंवा गोरेगावमध्ये रात्रपाळीला बसणारा रोटो कलावंत हा त्यांचा प्रतिस्पर्धी नव्हता, तर त्याच कराराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला सहकारी होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये दृश्यपरिणामांचे स्टुडिओ चालवणारा पॅरिसस्थित टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा लंडनमधील आणि बंगळुरूमधील कलावंतांच्या नोकऱ्या एकाच आठवड्यात संकटात सापडल्या. समूहाच्या भारतातील कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे ३ हजार होती.