जालना प्रांतींचे नदीउतार व लोहमार्गाचे पूल

नदी ओलांडण्याची जागा हें इतिहासाचें एक साधनच होय. जालना जिल्ह्यांतील असईची लढाई याची साक्ष देते. ता. 23 सप्टेंबर 1803 रोजीं केळणा नदीस जवळ उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं वेलस्लीस सांगितलें. परंतु पिंपळगांव व वरूड हीं गांवें समोरासमोरच्या काठांवर वसलेलीं पाहून मध्यें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें व फौज पलीकडे नेली. शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला.

पुढें शंभर वर्षांच्या आंत याच मुलुखांत उतारांच्या जोडीला लोहमार्गाचे पूल आले. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा 391 मैलांचा मार्ग 1899 ते 1901 या काळांत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. बदनापूर, जालना व परतूर हीं ठाणीं त्यावर आलीं. येथील कुंडलिका व दुधना या नद्या उन्हाळ्यांत रोडावतात आणि पावसाळ्यांत एकाएकीं फुगतात. बैलगाडी पूर ओसरेपर्यंत काठावर थांबे. आगगाडीस तें परवडणारें नव्हतें. म्हणून अशा नदीवरील पुलाचें माप नित्याच्या धारेवरून नव्हे, तर महापुरावरून ठरवावें लागतें.

हा मार्ग मीटर गेजचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या भागांत ब्रॉड गेजचे रूळ आले. गाड्यांचा भार वाढला म्हणजे जुना पूल बळकट तरी करावा लागतो, नाहीं तर नवा बांधावा लागतो. तेव्हां मार्ग खुला झाल्याचें साल तेंच पुलाच्या प्रत्येक भागाचें साल, असें मानणें धोक्याचें आहे. पोथीचीं गहाळ पानें मागाहून दुसऱ्या हातानें लिहून घातलेलीं असतात, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. तेथें जशी शाई व वळण पाहावें, तशी येथें दगडाची घडाई, चुना व लोखंडी तुळया पाहाव्या.

हा मार्ग 1930 सालीं कंपनीकडून निजाम सरकारकडे, 1950 सालीं भारत सरकारकडे व 1966 सालीं दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. मालक बदलले म्हणजे दप्तरें हलतात आणि हलतांना कागद गहाळ होतात. म्हणून कोणाच्या घरीं जुने नकाशे, मक्तेदारांचे हिशेब वा पुलांचीं छायाचित्रें असल्यास तीं रद्दी न मानतां सनदांइतक्याच काळजीनें जपावीं, अशी आमची विनंती आहे. कागद गेला आणि दगडही फोडला गेला, तर पुढील संशोधकास नुसती नदीच उरेल.