अंदाजाच्या वहीची कुळकथा

१९ जून १९४९ रोजी अमेरिकेतल्या शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर दोनशे फेऱ्या संपल्या, तेव्हा ग्लेन डनवे चांगला तीन फेऱ्यांनी पुढे होता. नास्कार या मोटार-शर्यतींच्या संघटनेची ही पहिलीच ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत. शोरूममधून आणलेली गाडी जशीच्या तशी पळवायची, हा तिचा दंडक. शर्यत संपल्यावर तपासनिसाने डनवेच्या फोर्डखाली डोकावून पाहिलं, तर मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला. चोरटी दारू वाहणारे आपल्या गाड्यांत करत तसा. डनवे बाद झाला आणि कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेला जिम रोपर विजेता ठरला. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला, तिथेही हरला.

आता त्या दिवशी कुणी शेजाऱ्याशी पैज लावली असेल, तर पैसे कुणाचे? डनवेवर लावणाऱ्याने त्याला सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मोसमभर चाहत्यांची अंदाज-स्पर्धा चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत पहिलं कलम असतं ते याच भांडणाचं: निकाल कधीचा धरायचा? दहा वर्षांनी, २२ फेब्रुवारी १९५९ला, पहिल्याच डेटोना ५००मध्ये जॉनी बोशँपला विजेता म्हणून जाहीर केलं, आणि फोटो नि चित्रफिती तपासून तीन दिवसांनी बक्षीस ली पेटीला दिलं. पुढे मात्र नास्कारने कित्येक वर्षं वेगळा शिरस्ता पाळला. प्रेक्षक घरी निघतो तेव्हा त्याला विजेता ठाऊक असलाच पाहिजे. गाडीत नंतर खोट निघाली तर दंड करा, गुण कापा, पण विजय काढून घेऊ नका. वहीवाल्यांचे ते सुखाचे दिवस. २०१९मध्ये हा शिरस्ता मोडला, आणि २४ जुलै २०२२ला पोकोनोच्या शर्यतीत पहिला आलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काइल बुश दोघेही बाद झाले. कारण काय, तर गाडीच्या नाकावर, रंगीत वेष्टणाखाली सापडलेली टेप. तिसरा आलेला चेस एलियट एकही फेरी आघाडीवर न राहता विजेता झाला. रविवारी रात्रीच गुण मांडून झोपी गेलेल्या वहीवाल्यांचं सोमवारी काय झालं असेल, ते सांगायला नको.

या वहीचे पूर्वज मोटारींच्या दुनियेतले नाहीत. सगळ्यात साधा प्रकार टोपीतल्या चिठ्ठ्यांचा: जितक्या गाड्या तितक्या चिठ्ठ्या, ज्याच्या हाती जो क्रमांक येईल तो त्याचा. यात अक्कल चालवायला जागाच नाही. दुसरा पूर्वज आपल्या देशातून तिकडे गेला. कलकत्त्याच्या टर्फ क्लबची डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरची सोडत एके काळी जगभर गाजली होती, आणि अमेरिकेतल्या गोल्फ क्लबांत खेळाडूंचा लिलाव करून पैसे लावायच्या पद्धतीला ‘कलकत्ता’ हेच नाव पडलं. बोली लावून खेळाडू ‘विकत’ घ्यायचा, सगळ्या बोलींचा गल्ला एकत्र करायचा आणि वरच्या क्रमांकांच्या मालकांत वाटायचा. १९५५ साली लाँग आयलंडच्या डीपडेल क्लबात खोट्या हँडिकॅपने (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीने) खेळलेल्या दोघांनी असाच गल्ला मारला. त्यावरून गहजब झाला आणि अमेरिकी गोल्फ संघटनेने या प्रकाराकडे पाठ फिरवली.

तिसरा पूर्वज बिल विंकेनबाख. ओकलंड रेडर्स या अमेरिकी फुटबॉल संघातला हा भागीदार. त्याने आधी गोल्फवर ‘फॅन्टसी’ खेळ बसवला: आपापले खेळाडू निवडायचे आणि त्यांचे फटके मोजायचे. मग १९६२ मध्ये त्याने तोच डाव फुटबॉलवर नेला. बेसबॉलमध्ये १९८० साली डॅनियल ओक्रंट आणि मित्रमंडळींनी न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच उपाहारगृहाच्या नावावरून ‘रोटिसरी लीग’ काढली. कीर्ती या बेसबॉलवाल्यांना मिळाली. पण स्टॉक कारचं खरं गोत्र गोल्फशी जुळतं असं मला वाटतं. दोन्हीकडे सगळे स्पर्धक एकाच वेळी, एकाच मैदानात उतरतात. फुटबॉलच्या सामन्यात दोनातला एक ओळखायचा असतो. इथे चाळीसांतला एक, आणि तोही मोसमात छत्तीस वेळा.

मात्र गोल्फची नक्कल करूनही भागत नाही, हे १९६७चा मोसम पाहिला की कळतं. रिचर्ड पेटीने त्या वर्षी २७ शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा ओळीने. त्या वर्षी ‘विजेता ओळखा’ अशी स्पर्धा कुणी चालवली असती, तर दर आठवड्याला सगळ्यांच्या कागदावर एकच नाव आलं असतं. यावर तोडगे दोनच. एक तर कलकत्त्यासारखा लिलाव करून पेटी एकालाच द्या, नाहीतर त्याला रेशनवर टाका. मोसमभर चालणाऱ्या स्पर्धांनी दुसरी वाट धरली. एक चालक मोसमात ठरावीक वेळाच वापरायचा. याहूची फॅन्टसी स्पर्धा बराच काळ चालली, तिच्यात ही मर्यादा नऊ वेळांची होती. या एका कलमाने खेळाचा नूर पालटला. प्रश्न ‘कोण जिंकेल’ एवढाच राहिला नाही. ‘याला आज खर्च करू की ब्रिस्टलच्या शर्यतीसाठी राखून ठेवू’ असा झाला.

वही घरोघर पोचायला मात्र सोपा हिशेब लागतो, आणि तो नास्कारकडे कित्येक वर्षं नव्हताच. १९७४ची पद्धत ऐका: चालकाने जिंकलेली बक्षिसाची रक्कम घ्यायची, तिला त्याने भाग घेतलेल्या शर्यतींच्या संख्येने गुणायचं आणि हजाराने भागायचं. घरी बसून हे कोण करणार? पुढल्या वर्षी बॉब लॅटफर्ड या आकडेबहाद्दराने नवी कोष्टकं बसवली. डेटोनाच्या एका बारमध्ये कागदी रुमालावर त्याने ती खरडली, असं सांगतात. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, आणि सहाव्यापर्यंत असेच पाच-पाच कमी. अकराव्यापर्यंत चार-चार, पुढे शेवटपर्यंत तीन-तीन. एक फेरी आघाडीवर राहिलात तर पाच जास्तीचे, सगळ्यांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिलात तर आणखी पाच. त्रेचाळिसाव्या क्रमांकालाही ३४ गुण मिळत. इंजिन पहिल्याच फेरीत फुटलं तरी पदरात काहीतरी पडे.

किरकोळ बदल सोडले तर हा तक्ता २०१० पर्यंत टिकला. तो चालकांसाठी बनवला होता, पण चाहत्यांना आयताच मिळाला. वर्तमानपत्रातला निकालाचा एक रकाना आणि पेन्सिल, एवढ्यावर काम भागायचं. रोटिसरीवाल्यांना रोजच्या सामन्यांचे आकडे आठवडाभर चाळत बसावं लागे. इथे शर्यत सरली की पाच मिनिटांत बेरीज हातात. बरोबरी झालीच तर ती सोडवायला विजेत्याच्या सरासरी वेगाचा अंदाज आधीच लिहून घ्यायचा. ताशी मैल, दशांशापर्यंत.

टॅलाडेगाच्या ट्रॅकपुढे मात्र सगळ्या वह्या हात टेकतात. १९८७ साली तिथे बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. पुढल्या वर्षापासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा कमी करणारी, भोकं पाडलेली धातूची पट्टी सक्तीची झाली. त्यामुळे सगळ्यांचा वेग सारखा झाला, तीसचाळीस गाड्या एकमेकींना खेटून धावू लागल्या, आणि एकीचं चाक घसरलं की वीस जणी आडव्या. शहाणे खेळाडू आपला राखून ठेवलेला हुकमी चालक तिथे लावत नाहीत. हे शहाणपण पटतं, पण १५ ऑक्टोबर २०००चं काय करायचं? शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या असताना डेल अर्नहार्टची काळी तीन नंबरची गाडी अठराव्या स्थानावर होती, आणि तो जिंकला. टॅलाडेगातला तो त्याचा दहावा विजय. ज्या ट्रॅकवर सगळा नशिबाचा खेळ म्हणतात, तिथे एकाच माणसाचं नशीब दहा वेळा कसं उघडतं?

त्या दिवशी आणखी एक गंमत होती. सिगारेट कंपनी आर. जे. रेनल्ड्सची ‘नो बुल फाइव्ह’ योजना १९९८ पासून चालू होती. निवडक मोठ्या शर्यतींत पाच चालक दहा लाख डॉलरच्या बक्षिसाला पात्र ठरायचे आणि प्रत्येकाशी एका चाहत्याची जोडी लावायची. आपला चालक जिंकला की चाहत्यालाही दहा लाख. अर्नहार्ट ते जिंकला. यात चाहत्याला अंदाज करावाच लागत नव्हता, आणि त्यामागे कायदा आहे. अमेरिकी कायद्याने बक्षीस, नशीब आणि प्रवेशाचं मोल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी ठरते, आणि लॉटरी खासगी कंपनीला चालवता येत नाही. तिन्हींतली एक काढून टाकायची. कंपन्या मोल काढतात, म्हणून ‘खरेदीची अट नाही’ ही ओळ. फॅन्टसीवाले नशीब काढतात आणि हे कौशल्य आहे म्हणतात. २००६च्या इंटरनेट जुगारविरोधी कायद्याने त्यांना सूट दिली, पण अटी घातल्या: बक्षीस आधी जाहीर हवं, आणि निकाल एकाहून अधिक लढतींतल्या कामगिरीच्या बेरजेवर ठरायला हवा. मोसमभराची वही या चौकटीत आपसूक बसली. हाच कौशल्य-नशिबाचा वाद आपल्याकडे मुंबईच्या ड्रीम-११ने वर्षानुवर्षं कोर्टांत लढवला; २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर सरसकट बंदी आणली आणि तो मुद्दाच बाजूला पडला.

एक कलम अजून राहिलं, आणि मला ते सगळ्यांत नाजूक वाटतं: अंदाज गाडीवर की माणसावर? २१ फेब्रुवारी २०१५ला, डेटोना ५००च्या आदल्या दिवशीच्या शर्यतीत, काइल बुशचा पाय मोडला. त्याच्या १८ नंबरच्या गाडीत दुसऱ्या दिवशी मॅट क्राफ्टन बसला. बुशचं नाव आधीच लिहून दिलेल्यांना शून्य द्यायचं की क्राफ्टनचे गुण? नास्कारचा स्वतःचा नियम असा, की हिरव्या झेंड्याला जो सुकाणूवर असेल, गुण त्याचे. अर्ध्यात दुसरा बसला तरी. बऱ्या वहीत हाच नियम उचललेला असतो, आणि कागद बदलायची मुदतही हिरव्या झेंड्यापर्यंतच ठेवलेली असते.

२०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले गेले आणि शेवटचा सोडून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पहिल्या दहांना वेगळे गुण मिळू लागले. म्हणजे आता अंतिम क्रमांक पाहून चालकाचे गुण सांगता येत नाहीत. मोठ्या स्पर्धांना अडचण नाही, त्यांची बेरीज यंत्र करतं. ऑफिसातल्या वीस जणांची वही हाताने ठेवायची असेल, तर अधिकृत गुण सोडून द्यावेत आणि लॅटफर्डचा तक्ता वापरावा. फक्त शेवटच्या तीन ओळी खोडाव्या लागतील. गाड्या आता त्रेचाळीस नसतात, सहसा फार तर चाळीस असतात.